स्टार खेळाडू गेला तर क्लबचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉलमध्ये ट्रान्स्फर विंडो, म्हणजे क्लबांनी खेळाडू घेण्या-विकण्याची ठरलेली मुदत, उघडली की हे प्रश्न येऊ लागतात. क्लबाचं आणि खेळाडूचं नाव तेवढं बदलतं, काळजी तीच असते. म्हणून उत्तरं एकाच ठिकाणी ठेवली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. गोल आणि गुणांचे आकडे वेगळं सांगितलं नसेल तर लीग सामन्यांचेच आहेत.

१. स्टार खेळाडू गेला की क्लब खाली जातोच का?

जातोच असं नाही. तीन उदाहरणं पाहा.

थिएरी ऑन्री २००७ मध्ये आर्सेनल सोडून बार्सेलोनाला गेला. आर्सेनलचे त्याआधी ६८ गुण होते, पुढच्या हंगामात ८३ झाले. क्रिस्तियानो रोनाल्डो २००९ मध्ये मँचेस्टर युनायटेडमधून रेआल माद्रिदला गेला. युनायटेडचं विजेतेपद एका गुणाने हुकलं, पण त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी ते परत मिळवलं. लुईस सुआरेझ २०१४ मध्ये लिव्हरपूलमधून गेला आणि दुसऱ्या क्रमांकावरचा संघ सहाव्यावर घसरला, गुण ८४ वरून ६२.

तिघेही आपापल्या काळातले अव्वल खेळाडू, तरी परिणाम तीन तऱ्हांचे. म्हणजे 'किती मोठा खेळाडू गेला' यावरून फारसं काही ठरत नाही. ऑन्री शेवटच्या हंगामात दुखापतींमुळे लीगचे १७ सामनेच खेळला होता. तो जाण्याआधीच आर्सेनलला त्याच्याशिवाय खेळायची सवय लागली होती. आदेबायोरने पुढच्या वर्षी २४ गोल केले, फाब्रेगास बहरला. लिव्हरपूलला अशी तालीम मिळालीच नाही.

२. वर्षाला तीस गोल करणारा गेला. ते तीस गोल आता कोण करणार?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो मांडतानाच गडबड होते. संघाच्या गोलांतून एका खेळाडूचे गोल सरळ वजा करता येत नाहीत. त्याच्या जागी कोणीतरी खेळणार, कोणीतरी पेनल्टी घेणार, चेंडू कोणाकडे तरी जाणार. कधी वजाबाकी अपेक्षेपेक्षा कमी निघते, कधी भलतीच जास्त.

गोन्झालो इग्वाइनने २०१५-१६ मध्ये नापोलीसाठी ३६ गोल केले आणि युव्हेंटसने त्याला ९ कोटी युरो मोजून नेलं. बदली म्हणून आणलेल्या मिलिकचा गुडघा शरद ऋतूतच दुखावला. प्रशिक्षक सार्री यांनी मग बुटक्या, चपळ ड्रीस मर्टन्सला मधे खेळवलं, जो तोवर बाजूने खेळायचा. मर्टन्सने २८ गोल केले. संघाचे गोल ८० वरून ९४ झाले!

आता उलटं टोक. रोनाल्डो २०१८ मध्ये रेआल माद्रिदमधून गेला तेव्हा त्याचे शेवटच्या हंगामात २६ गोल होते. संघाचे गोल मात्र ९४ वरून ६३ झाले, म्हणजे ३१ ने घटले. सुआरेझचे ३१ होते आणि लिव्हरपूलचे गोल १०१ वरून ५२ वर आले. तिथे डॅनियल स्टरिजचा बराचसा हंगाम दुखापतीत गेला हेही लक्षात घ्यायला हवं. आघाडीचे दोघे एकदम गेले तर हिशेब एकट्या सुआरेझच्या नावावर टाकणं बरोबर नाही.

आणि एक गोष्ट चर्चेत जवळपास कधीच येत नाही. गेलेले गोल परत न मिळवताही संघ सावरतो. रेआल २०१९-२० मध्ये ला लीगा (स्पेनची लीग) जिंकला तेव्हा त्यांचे गोल ७० च होते. मात्र आदल्या वर्षी ४६ गोल खाल्ले होते, या वर्षी फक्त २५. मेस्सी गेल्यावर बार्सेलोनाने २०२२-२३ ची लीग जिंकली तीही तशीच: ७० गोल केले आणि अवघे २० खाल्ले. म्हणून स्टार स्ट्रायकर गेल्यावर नवा स्ट्रायकर कोण हे विचारण्याआधी मी बचावफळीकडे पाहतो.

३. स्ट्रायकर जाणं वाईट, की मिडफिल्डर किंवा डिफेंडर?

माझ्या मते पाठीमागचा खेळाडू जाणं जास्त महागात पडतं, कारण त्याची किंमत तो गेल्यावरच कळते.

लेस्टर २०१६ मध्ये प्रीमियर लीगचा विजेता झाला. त्या उन्हाळ्यात आघाडीचा व्हार्डी राहिला, महरेझ राहिला, गेला तो मिडफिल्डर एन्गोलो कांते. हेडलाइनच्या हिशेबात सगळ्यात छोटं नाव. पुढच्या हंगामात लेस्टरने ३६ ऐवजी ६३ गोल खाल्ले, संघ बाराव्या क्रमांकावर आला आणि रानिएरी यांना फेब्रुवारीतच जावं लागलं. कांतेला घेणारा चेल्सी विजेता ठरला. सगळा फरक एकट्या कांतेचा नव्हता. युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमुळे सामनेही वाढले होते. तरी चेंडू हिसकावून घेणारा माणूस नसला की व्हार्डीला धावायला मोकळी जागा कुठून मिळणार?

नापोलीचं २०२३ चं उदाहरण याहून बोलकं आहे. ते प्रश्न ११ मध्ये आहे.

४. एवढी मोठी रक्कम मिळाली म्हणजे क्लब तेवढीच खर्च करू शकतो ना?

बातमीतला आकडा आणि हातात येणारे पैसे यांत बरंच अंतर असतं.

बहुतेक रक्कम हप्त्यांनी येते. काही भाग 'इतके सामने खेळला तर', 'अमुक स्पर्धा जिंकली तर' अशा अटींवर असतो. खेळाडूला विकत घेताना जुन्या क्लबाने पुढच्या विक्रीत वाटा ठेवला असेल तर तो द्यावा लागतो. शिवाय फिफाच्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय ट्रान्स्फरच्या रकमेतले ५ टक्के त्या खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. लहान क्लबांसाठी ही रक्कम कधी कधी वर्षभराचा खर्च भागवणारी ठरते.

हिशेबाच्या वहीत मात्र चित्र वेगळं दिसतं. खेळाडूची खरेदी कराराच्या वर्षांवर विभागून दाखवली जाते. समजा ६ कोटींना पाच वर्षांसाठी घेतला आणि तीन वर्षांनी ८ कोटींना विकला. वहीत त्याची उरलेली किंमत २.४ कोटी, म्हणून नफा ५.६ कोटी. अकादमीतून आलेल्या खेळाडूची वहीतली किंमत शून्य असते, त्यामुळे पूर्ण रक्कम नफा. आर्थिक नियमांच्या कात्रीत सापडलेले क्लब आपलीच घरची पोरं आधी का विकतात, त्याचं कारण हेच. चाहत्यांना ते सगळ्यात जास्त झोंबतं.

यात पगार धरायला विसरू नका. मोठ्या खेळाडूचा पगार सुटतो तेव्हा दोन-तीन जणांची सोय होते.

५. करारात एकच वर्ष उरलंय. आता विकावा की शेवटपर्यंत ठेवावा?

युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बॉस्मन निकालानंतर करार संपलेला खेळाडू जुन्या क्लबाला एक पैसा न देता दुसरीकडे जाऊ शकतो. फिफाच्या नियमांप्रमाणे शेवटचे सहा महिने उरले की तो नव्या क्लबाशी बोलून करारही करू शकतो. म्हणून एक वर्ष उरलेला खेळाडू हा विकणाऱ्याच्या दृष्टीने उतरत्या भावाचा माल.

टॉटनहॅमने हॅरी केनला २०२३ मध्ये याच टप्प्यावर बायर्नला विकलं आणि १० कोटी युरोंच्या आसपास मिळवले. डॉर्टमुंडने २०१३ मध्ये लेवांडोव्स्कीला मुद्दाम ठेवून घेतलं. त्याने २० गोल केले, संघ दुसरा आला, आणि २०१४ मध्ये तो फुकट बायर्नला गेला. पुढचा हंगाम डॉर्टमुंडला जड गेला. गोल ८० वरून ४७, फेब्रुवारीत संघ चक्क तळाला, शेवटी कसाबसा सातवा. त्याच्या जागी आणलेला इमोबिले आदल्या वर्षी इटलीच्या सेरी आमध्ये सर्वाधिक गोल करून आला होता. इथे त्याचे झाले तीन.

ठेवणं चुकीचं होतं का? त्या एका वर्षात विजेतेपदाची खरी शक्यता असेल तर ठेवावा. नुसतं 'बघू, कदाचित सही करेल' या आशेवर ठेवू नये.

६. रिलीज क्लॉज असेल तर क्लब नाही म्हणू शकत नाही का?

नाही म्हणू शकत नाही. करारात ठरलेली रक्कम कोणी भरली की क्लबाच्या हातात काही राहत नाही, खेळाडूने हो म्हटलं की झालं. स्पेनमध्ये करार मोडण्याची अशी रक्कम ठेवण्याची पद्धत कायद्यामुळेच रूढ झाली आहे. बार्सेलोनाने नेमारसाठी २२.२ कोटी युरो ठेवले होते. इतके कोण देणार, असं वाटत होतं. पॅरिसच्या पीएसजीने ऑगस्ट २०१७ मध्ये दिले.

उलट बाजूने डॉर्टमुंडच्या हालांडची रक्कम ६ कोटी युरोंच्या आसपास होती, म्हणून २०२२ मध्ये बाजारभावाच्या मानाने तो मँचेस्टर सिटीला स्वस्तात मिळाला. ही अट नसती तर तो डॉर्टमुंडला आलाच नसता, हेही तितकंच खरं.

७. एका स्टारच्या पैशात पाच-सहा चांगले खेळाडू घेतले तर संघ मजबूत होईल ना?

कागदावर होतो. टॉटनहॅमने २०१३ मध्ये गॅरेथ बेलला रेआलला दिलं आणि त्या उन्हाळ्यात सात जण आणले: सोल्दादो, पाउलिन्यो, लामेला, एरिक्सन, कापू, शादली, किरिकेश. सात नवे चेहरे एकदम मैदानात आणले की कोण कुठे धावणार हे कोणालाच माहीत नसतं. डिसेंबरात लिव्हरपूलकडून ०-५ ने हार झाली आणि प्रशिक्षक व्हिलास-बोआस गेले. गंमत म्हणजे हंगामाअखेर गुण फक्त तीनच कमी होते, ७२ ऐवजी ६९. त्या सातांतला एरिक्सन पुढे कित्येक वर्षं संघाचा कणा राहिला. त्यामुळे 'बेलचे पैसे वाया घालवले' हे जे सर्रास म्हटलं जातं ते अर्धंच खरं.

पैसे खरंच वाया घालवले ते बार्सेलोनाने. नेमारचे पैसे हातात आहेत हे सगळ्या जगाला माहीत होतं, त्यामुळे डेम्बेलेसाठी १०.५ कोटी युरो अधिक अटी आणि नंतर कुटिन्योसाठी त्याहून जास्त मोजावे लागले. खिसा गरम असलेलं गिऱ्हाईक दिसलं की भाव चढतोच. पुढच्या दोन्ही लीग त्यांनी जिंकल्या, म्हणून दुखणं लगेच दिसलं नाही. ते युरोपात दिसलं: रोमाकडून हार, मग लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर, मग बायर्नकडून ८-२.

कुटिन्यो विकणाऱ्या लिव्हरपूलने काय केलं? त्याच्या जागी त्याच्यासारखा कोणी घेतलाच नाही. व्हॅन डाइकला ७.५ कोटी पाउंड देऊन आणला, उन्हाळ्यात गोलरक्षक ॲलिसन आणला. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग, २०२० मध्ये तीस वर्षांनी लीग. गेलेल्या खेळाडूची जागा भरण्याऐवजी त्यांनी संघातली सगळ्यात कच्ची जागा भरली. प्रश्न २ च्या शेवटी जे म्हटलं, त्याचं हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण.

८. हंगामाच्या मधे, जानेवारीत गेला तर जास्त नुकसान होतं का?

वाटतं तसं, पण कुटिन्यो जानेवारी २०१८ मध्ये गेला आणि लिव्हरपूल त्याच मे महिन्यात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत होता. क्वारात्सखेलिया जानेवारी २०२५ मध्ये नापोली सोडून पीएसजीला गेला आणि नापोलीने लीग जिंकली. मला त्याहून भीती वाटते ती ऑगस्टच्या शेवटाची. सराव झालेला असतो, डावपेच त्या खेळाडूभोवती आखलेले असतात आणि खरेदीला चार दिवस उरलेले असतात. बेलचा व्यवहार १ सप्टेंबरला जाहीर झाला होता.

९. खेळाडूला जायचंच आहे. क्लबाने अडवून ठेवण्यात अर्थ आहे का?

कधी कधी भरपूर आहे. २०१३ मध्ये आर्सेनलने सुआरेझसाठी चार कोटी पाउंड आणि वर एक पाउंड अशी बोली लावली. लिव्हरपूलने ऐकलं नाही. त्या हंगामात त्याने ३१ गोल केले आणि वर्षभराने बार्सेलोनाकडून साडेसहा कोटी पाउंडांच्या आसपास मिळाले. क्लबाचे दोन्ही हात तुपात. पण करार लांब होता म्हणून हे जमलं. तो संपत आला असेल तर प्रश्न ५ पाहा.

खेळाडू सरावालाच येईनासा झाला तर गोष्ट वेगळी. न्यूकॅसलने २०२५ च्या उन्हाळ्यात इसाकला बराच काळ रोखलं, तो हंगामाच्या सुरुवातीला खेळलाच नाही. शेवटच्या दिवशी लिव्हरपूलला विक्री झाली. रक्कम ब्रिटनमध्ये विक्रमी मिळाली, पण बदली खेळाडू शेवटच्या दिवसांत घाईने आणावे लागले.

१०. एक गेला की बाकीचेही रांग लावतील का?

शक्यता असते. बाकीच्यांचे एजंट तोच दाखला पुढे करतात. तरी पळापळ म्हणजे विनाश नव्हे. साउदॅम्प्टनमधून २०१४ च्या उन्हाळ्यात लल्लाना, लॅम्बर्ट, लोव्हरेन, शॉ, चेंबर्स असे पाच जण गेले, प्रशिक्षक पोचेत्तिनोही गेले. सगळ्यांनी त्यांना खालच्या लीगमध्ये धाडून टाकलं होतं. रोनाल्ड कुमान आले. माने, टाडिच, पेल्ले, फोर्स्टर आले. आठव्या क्रमांकावरचा संघ सातवा आला.

११. स्टार आहे, पण प्रशिक्षकच सोडून गेले तर?

मग खरी काळजी करा. नापोली २०२३ मध्ये ९० गुणांनी विजेता ठरला. ओसिमेन राहिला, क्वारात्सखेलिया राहिला. गेले ते प्रशिक्षक स्पालेत्ती आणि मधला बचावपटू (सेंटरबॅक) किम मिन-जे. पुढच्या हंगामात तीन प्रशिक्षक झाले, २८ ऐवजी ४८ गोल खाल्ले आणि विजेता संघ दहावा आला.

त्यानंतर कॉन्टे आले. ओसिमेन उसना गलातासरायला गेला, क्वारात्सखेलिया जानेवारीत गेला. दोन्ही स्टार गायब, आणि नापोली पुन्हा विजेता. गोल केले ५९, खाल्ले २७. दोन वर्षांच्या अंतराने त्याच क्लबात झालेला हा प्रयोग मला बाकी सगळ्या युक्तिवादांपेक्षा जास्त पटतो.

१२. स्टार गेल्यावर संघ आणखी चांगला खेळतो, हे खरं की मनाचं समाधान?

दोन्ही. एम्बापे २०२४ मध्ये पीएसजीतून फुकट रेआलला गेला. पुढच्याच वर्षी पीएसजीने पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग जिंकली, अंतिम सामन्यात इंटरला ५-० ने हरवून. प्रशिक्षक लुईस एन्रिके यांच्या संघात आघाडीचा प्रत्येक जण चेंडू गेल्यावर मागे धावत होता. डेम्बेले मधे येऊन खेळू लागला आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर घेऊन गेला.

यावरून 'एम्बापेमुळेच अडलं होतं' असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. तेवढं सोपं नाही. त्या संघावर आधीची दोन वर्षं पैसा ओतला होता, आणि क्वारात्सखेलियाही आला होता. स्टार गेल्याने मोकळी झालेली जागा भरायला तयार माणसं असतील तरच ती जागा फायद्याची.

१३. आमचा क्लब दरवर्षीच कोणाला तरी विकतो. आम्हालाही हेच लागू?

अशा क्लबांची तयारी चांगली असते, कारण विक्री हाच धंदा आहे. हालांडनंतर डॉर्टमुंडचं विजेतेपद शेवटच्या दिवशी गोलफरकाने हुकलं. बेलिंगहॅम गेल्यावर ते चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत पोचले. आणि हालांडच्या जागी घेतलेला हालेर पहिले कित्येक महिने कर्करोगाच्या उपचारांमुळे खेळूच शकला नव्हता.

तरी धक्का बसतोच. ब्रायटनने २०२३ मध्ये कायसेदो आणि मॅकॲलिस्टर दोघांना विकलं. सहाव्यावरून संघ अकरावा झाला, मग पुढच्या वर्षी आठवा.

१४. मेस्सीसारखा एक पैसाही न देता गेला तर?

हे सगळ्यात वाईट. ऑगस्ट २०२१ मध्ये ला लीगाच्या खर्चमर्यादेत बसत नसल्याने बार्सेलोनाला त्याचा नवा करार नोंदवता आला नाही. पैसे नाहीत, बदली नाही, वर कर्ज. ऑक्टोबरात प्रशिक्षक कुमान गेले, मग झावी आले, संघ चॅम्पियन्स लीगच्या गटातच बाद झाला. तरी लीगमध्ये दुसरा आला आणि त्याच्या पुढच्या वर्षी विजेता. कसा, ते प्रश्न २ मध्ये आलंय. मात्र त्यासाठी क्लबाने भविष्यातल्या प्रक्षेपण हक्कांचा काही भाग विकून पैसा उभा केला. ते ओझं पुढची कित्येक वर्षं राहणार आहे.

१५. किती सामन्यांनंतर अंदाज बांधावा?

दहा सामने फार कमी. एक हंगामही कधी फसवतो. केन गेल्यावर टॉटनहॅम आठव्यावरून पाचव्यावर गेला, गोल ७० वरून ७४ झाले आणि 'केनची गरजच नव्हती' असं म्हणून झालं. त्याच्या पुढच्या हंगामात संघ सतराव्या क्रमांकावर होता. आणि त्याच हंगामात त्यांनी युरोपा लीग (चॅम्पियन्स लीगच्या खालची युरोपीय स्पर्धा) जिंकली, २००८ नंतरचा पहिला चषक. यातून काय निष्कर्ष काढायचा तो तुम्हीच काढा.

१६. जर्सी विकूनच नव्या स्टारचे पैसे वसूल होतात म्हणे?

होत नाहीत. जर्सीच्या किमतीतला मोठा भाग बनवणाऱ्या कंपनीचा आणि दुकानदाराचा, क्लबाला छोटा वाटा मिळतो. प्रायोजकांवर परिणाम होतो, तोही हळूहळू.

१७. गेलेला स्टार परत येतोय! घ्यावा का?

भावना बाजूला ठेवून एकच हंगाम बघा. २०२०-२१ मध्ये मँचेस्टर युनायटेड ७४ गुण आणि ७३ गोलांसह दुसरे होते. रोनाल्डो परतला, त्याने १८ गोल केले, जे त्या वयात कौतुकाचंच. संघाचे एकूण गोल झाले ५७, गुण ५८, क्रमांक सहावा. प्रश्न २ मधली वजाबाकी जशी फसवते तशीच ही बेरीजही.